काढलेला दांडा

मिस्त्रीच्या भावजींची छोटी जीप खडकावर एक चाक हवेत उचलायची, म्हणून त्याने पुढच्या चाकांना जोडणारा आडवा दांडा काढला. चाकं मोकळी खालीवर झाली, जीप बकरीसारखी चढली आणि मिस्त्रीची छाती फुगली. त्या नादात दांडा परत बसवायचा राहिला. त्याच्याशिवाय वळणावर गाडी भलतीच कलते.

सकाळी दांडा गॅरेजमधल्या बाकाखाली दिसला, तेव्हा त्याची बहीण, ताई, जीप घेऊन घाटाकडे निघाली होती. त्याने फोन लावला.

"ताई, गाडी बाजूला घे."

"का रे? तूच म्हणालास, आता कुठेही चढेल!"

सबबी त्याच्या जिभेवर तयारच असत, पण आज त्याने एकही पुढे केली नाही. "माझी चूक झाली. दांडा बसवायचा विसरलो. तिथेच थांब, मी येतो."

मिस्त्री शिव्यांची वाट पाहत राहिला.

"थांबते. सावकाश ये," ताई म्हणाली, आणि तेच त्याला जास्त लागलं.