गाळातली ज्वालामाता

त्या पंच्याहत्तर सालच्या थंडीत आमच्या तलावावर माणूस मावत नव्हतं. इंझोरीच्या बैलगाड्या, कामरगावाहून आलेली एक जीप, नारळवाले आणि रडणारी लेकरं. त्यात माझंही एक, कडेवर.

नदी तलावात शिरते तिथं तिला गाळाची बोटं फुटतात. मधल्या उथळ पाण्यात लव्हाळं माजतं, बगळे टपून बसतात. पाणी उतरलं की त्या गाळावर भागिरथा टरबुजांची वाडी लावते. नवरा गेल्यापासून तिचं आणि दोन लेकींचं पोट त्या वाडीवरच. नेमका तिथंच ज्वालाबाबा अवतरला होता.

बाबा काठी चिखलात खुपसून घुसळायचा. बुडबुडे यायचे. शिष्य जळता काकडा पुढं धरायचा आणि भप्पकन पाण्यावर निळी ज्वाळा नाचायची!

"बम बम! माता पाताळातून निघाली, काशीवरून इथं आली! फक्त माझ्याच मंत्रानं जागते. इथं कुदळ लागली तर गाव भस्म! वाडी बंद, मठ चालू!"

गावचे पुढारी पंजाबराव हात जोडून म्हणाले, "भागिरथे, यंदा बी टाकू नोको."

"मंग पोरींले काय चारू, भाऊ? ज्वाळा?"

लोक हसले. मग पुन्हा बाबापुढं हात जोडून उभे राहिले.

माझ्याशेजारी शाळेतल्या विमलबाई होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "हा एकाच जागी काहून घुसळून राह्यला?"

मी पाहिलं. आम्ही दरवर्षी अंबाडीच्या पेंढ्या दगडाखाली दाबून कुजवतो आणि साल सोलून दोर वळतो, तीच ती जागा. मागच्या पुरात कितीतरी पेंढ्या गाळाखाली गेल्या होत्या.

"कुजते तिथं जळणारा वायू होते," बाई म्हणाल्या. "बाटली हाय का?"

बाळाची दुधाची बाटली होती. दूध नुकतंच जिथं जायचं तिथं गेलं होतं.

बाईंनी लुगडं खोचलं आणि वळणापलीकडं, जिथं यंदा आमच्या पेंढ्या भिजत होत्या, तिथं उतरल्या. बाटली पाण्यानं भरून पाण्यातच उलटी धरली, तोंडाला पानाचं नरसाळं वळून लावलं. मी काठीनं चिखल ढवळला. बुडबुडे आत चढले, पाणी खाली उतरलं. तोंडावर अंगठा दाबून बाई दिवेलागणीला गर्दीत शिरल्या.

"बाबा, तुमची माता बाटलीत मावली!"

"पाखंडी! पेटवील त्याचा हात झडंल!"

"भागिरथे, तूच लाव काडी."

भागिरथा पुढं झाली. तिनं लेकींकडं पाहिलं आणि काडी ओढली. बाईंनी अंगठा काढला. बाटलीच्या तोंडावर तीच निळी ज्वाळा!

"अवं माय! म्या तं मंतर म्हणलाच नाही!"

"बाबा, आता तुमी तिकडच्या पाण्याखालच्या रेतीत पेटवून दाखवा," बाई म्हणाल्या.

बाबानं तिथं काठी खुपसली. घुसळून घुसळून घाम फुटला. बुडबुडाही आला नाही.

"माता झोपली," शिष्य पुटपुटला.

"काशीले परत गेली वाटते!" कोणीतरी ओरडलं. हशा ओसरायच्या आत बाबाला अन् शिष्याला घेऊन जीप धूळ उडवत निघाली होती.

मायबहिणींनो, फक्त आपल्याच हातानं चमत्कार घडतो असं कोणी म्हणालं, की तोच चमत्कार आपल्या हातानं करून पाहा. लेकरांना भिववून वाढवू नका, दाखवून वाढवा.

दुसऱ्या सकाळी भागिरथा गाळावर टरबुजाची आळी करत होती. पंजाबराव काठावर घुटमळले. "बी कमी पडलं तं माह्याकडून ने."

"द्या," ती म्हणाली. "अन् पाय जपून ठेवा, भाऊ. माता नसंल, पण गाळ लय खोल हाय."