भिंगरीच्या नळीतला नर

त्या आठवड्यात भिंगरीचे पाय जमिनीवर नव्हते. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षातल्या पोरीला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत बसायला खुर्ची मिळाली होती! खुर्चीचं एक चाक फिरत नव्हतं, पण मिळाली होती. वडिलांनी लाडाने ठेवलेलं हे नाव तिने इथे मुद्दाम लपवलं. दोन दिवसांत ते सगळ्यांना आपोआप सुचलं.

प्रयोगशाळा फळमाश्यांची. पिकल्या केळ्यावर घोंगावतात त्याच, तिळाएवढ्या. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "आठवडाभर काम बघते. जमलं तर स्वतःचा प्रयोग देते, नाहीतर पुढच्या वर्षी ये." काम म्हणजे कोशातून नुकत्याच बाहेर आलेल्या माश्यांना गॅसने गुंगवायचं, मायक्रोस्कोपखाली ब्रशने नर-मादी वेगळे करायचे आणि नुसत्या माद्या नळीत भरून कापसाचा बोळा लावायचा. त्या माद्या जायच्या दादाकडे, म्हणजे पीएचडीपायी टक्कल पडलेल्या सीनियरकडे. मादीला आधीच नर भेटलेला असला, तर दादाचा सगळा प्रयोग पाण्यात.

"आई, आज दिवसभर मी माश्यांची ढुंगणं बघितली! नराचं टोक काळं असतं!" भिंगरीने जेवताना जाहीर केलं.

"घास तरी गिळू दे," वडील म्हणाले.

"घरात माशी शिरली की किंचाळत खुर्चीवर चढायची, ती हीच ना?" आई म्हणाली.

शुक्रवारी सकाळी गुणगुणत ती एकेक नळी उजेडात धरत होती आणि मध्येच थबकली. एका नळीच्या तळाशी, खाद्यात, बारीक पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. नुसत्या माद्यांच्या नळीत अळ्या! म्हणजे आत नर होता. होताच; काळ्या टोकाचा, काचेवर ऐटीत फिरणारा. नुकत्याच जन्मलेल्या नराचं टोक फिकट असतं, नीट बघ, असं दादाने बजावलं होतं. आनंदाच्या भरात तिने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं.

शेजारीच साबणाच्या पाण्याची बाटली होती, नको असलेल्या माश्या टाकायची. नळी उलटी केली की काम तमाम, कुणाला पत्ताही लागला नसता. तिने बोळा काढलासुद्धा. पण एक नर निसटला तर आणखीही निसटले असतील, आणि बाकीच्या नळ्या दुपारी दादा वापरणार होता. या विचारात बोळा हातातच राहिला. नर भुर्रकन उडाला आणि दारातून येणाऱ्या दादाच्या टकलावर जाऊन बसला.

"दादा, हलू नकोस! तुझ्या डोक्यावर माझी चूक बसलीये!"

आरडाओरडा ऐकून मॅडम बाहेर आल्या. भिंगरीने एका दमात सगळं सांगितलं. "बाकीच्या नळ्याही वापरू नका. मी पुढच्या वर्षी येते," म्हणताना तिला रडूच फुटलं.

मॅडमनी दादाकडे पाहिलं, दादाने मॅडमकडे, आणि दोघंही खो खो हसत सुटली. मॅडमनी तिला दंडाला धरून कोपऱ्यातल्या फळीपाशी नेलं. तिथे बाटल्या होत्या, प्रत्येकीत माश्यांचं गोकुळ. एकीवर चिठ्ठी होती, 'दादाचा पहिला घोळ'. या लॅबची रीतच होती: पहिल्या चुकीची पिल्लावळ फेकायची नाही, ज्याची त्याने ती पिढ्यानपिढ्या सांभाळायची. सगळ्यात जुन्या, पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर मॅडमचं अक्षर होतं.

"साबणाच्या पाण्यात ओतणारेही खूप आले," मॅडम म्हणाल्या. "ते इथे टिकले नाहीत. घे बाटली. सोमवारपासून तुझा प्रयोग सुरू. पण आधी दादाला नव्या माद्या कोण देणार?"

"मी!" भिंगरी इतक्या जोरात ओरडली की दादाच्या टकलावरचा नर उडाला.

मग गॅलरीत धावत जाऊन तिने घरी फोन लावला. "आई, मला घेतलं! आणि तू आजी झालीस!"



"पाय किती?" आईने विचारलं.

"सध्या एकही नाही. मोठी झाली की सहा."

"मग ठीक आहे," आई म्हणाली. तिचा आवाज हसता हसता कापत होता. फोन तसाच धरून ती घरभर ओरडत सुटली, "अहो, ऐकलंत का? आपल्या पोरीला घेतलं!"