वऱ्हाडाचा परतीचा रस्ता

वऱ्हाड ज्या रस्त्याने नवरीला न्यायला येतं, त्या रस्त्याने तिला घेऊन परत जात नाही. कोसोवोच्या सीमेअलीकडच्या मिर्दिताच्या डोंगरात हे कोणी कोणाला शिकवत नाही. वाटेतला खड्डा चुकवावा तसं सगळे पाळतात. या एका रिवाजाच्या भरवशावर द्रांदेने अख्खा उन्हाळा काढला होता.

दुसरं काही तिच्या हातात उरलंच नव्हतं. ईस्टरच्या आधी तिचा नवरा फ्रोक गेला. आता वर्षभर अंगावर काळे कपडे, आणि काळ्या कपड्यांनी लग्नघराचा उंबरठा ओलांडायचा नाही. लग्न होतं प्रेनाचं, तिच्या बहिणीच्या मुलीचं. बहीण बाळंतपणात गेली तेव्हापासून प्रेना द्रांदेच्याच घरात वाढली. पाठवणी मात्र बाप करणार होता, ग्योक, खाली महामार्गाच्या कडेला बांधलेल्या नव्या घरातून. पोर वाढवायची होती तेव्हा ग्योकचं घर लहान होतं. लग्न लावायची वेळ आली तसं ते मोठं झालं. द्रांदेने हे मनात नीट मांडून ठेवलं होतं, पण बोलून दाखवलं नव्हतं. कारण नवरदेव कोसोवोचा, प्रिझ्रेनकडचा. वऱ्हाड सीमा ओलांडून महामार्गाने येणार, म्हणजे परत जाणार जुन्या रस्त्याने. आणि जुना रस्ता द्रांदेच्या अंगणाला घासून जातो.

महामार्ग झाल्यापासून त्या रस्त्यावर शेळ्या असतात, एक मधवाला असतो, आणि कोणी फारच आजारी असेल तर पाद्री.

आदल्या संध्याकाळी प्रेनाचा फोन आला होता. "मावशी, तुझ्या वळणावर गाडी थांबवायला लावीन. तू फक्त बाहेर उभी राहा."

"बाहेर काय, मी रस्त्यातच उभी राहते. चिरडा हवं तर."

"आणि मी मान वर करून बघणार तुझ्याकडे."

"नवरीने मान खाली घालायची असते, गाढवे. बोलायचंही नसतं."

"तुझ्या दारात नाही घालायची मी."

म्हणून रविवारी सकाळी द्रांदेने रस्ता झाडला. अंगण नव्हे, रस्ता. डांबरावर आलेली काटेरी झुडपं कापली, वळणावर घसरलेले दगड पायाने ढकलून दरीत लोटले. ओच्यात तांदूळ घेतले, नवरीवर उधळायला. तिच्या वळणावरून खाली महामार्ग दिसतो, पुलापासून बोगद्याच्या तोंडापर्यंत, बस्स तेवढाच.

दुपारी ग्योकचा फोन.

"द्रांदे, रागावू नकोस. वऱ्हाड खालूनच चाललंय."

"खालून कसं? खालूनच आले ना ते?"

"आले त्या बाजूने, जाणार ह्या बाजूने. मध्ये लोखंडी कठडा आहे. येतो तुला ओलांडता? नाही. म्हणजे रस्ते दोन."

"नाव एकच आहे त्याचं."

"टोल दोनदा घेतात! एकाच रस्त्याचे दोनदा पैसे देणारा मूर्ख मी तरी पाहिला नाही."

"पाहतोस की रोज. दाढी करताना."

ग्योक हसला नाही. पाहुण्यांना वळणांवर मळमळतं, नवरदेवाच्या काकाची गाडी जमिनीला टेकलेली आहे, तिकडे हॉलमध्ये जेवण थांबलंय, असं त्याने भराभर सांगितलं.

"प्रेनाला दे फोन."

"नवरी कुठे फोन घेते? तिचा फोन नणंदेच्या पर्समध्ये."

"तिला विचारलंत?"

"नवरीला कोण विचारतं? हे बघ, रिवाज आम्ही मोडत नाही. लेशची गाडी वरून पाठवतो. एक गाडी वरून गेली म्हणजे वऱ्हाड वरून गेलं."

फोन ठेवते न ठेवते तोच खालून हॉर्नचा गलका आला. द्रांदे धावत वळणाच्या टोकाशी गेली. पुलावर पहिल्या गाडीच्या खिडकीतून लाल झेंडा फडफडत होता. मागे काळ्या गाड्या, पांढऱ्या गाड्या. पांढऱ्यांपैकी प्रेनाची कुठली, ते तिला ठरवता येईना. ती ठरवत असतानाच बोगद्याने एकेक करून सगळ्या गिळल्या. नळ बंद करावा तसे हॉर्न थांबले. तांदूळ ओच्यातच राहिले.

बऱ्याच वेळाने वरच्या रस्त्याने लेशची टेंपो-गाडी धापा टाकत आली. लेश ग्योकचा चुलतभाऊ. एरवी वासरं वाहतो. आज आरशाला रिबीन बांधली होती आणि मागे नवरीची पेटी होती.

"वऱ्हाड आलं का?" द्रांदेने विचारलं.

"आलं. मीच."

"एवढंच?"

"मी आणि पेटी. पेटी बोलत नाही."

द्रांदेने ओचा सोडला आणि तांदळाची मूठ काचेवर फेकली.

"अगं बये! वायपरमध्ये जाईल!"

"जाऊ दे. उतर. माझ्या दारातून वऱ्हाड कोरडं जाणार नाही."

लेश उतरला. तिने आतून घरी गाळलेल्या राकीचा पेला आणला, अक्रोड आणले, कॉफी आणली. पहिल्याच घोटाला लेश थबकला. सुतकातल्या घरात कॉफी कडू असते, ही गोड होती.

"ही वऱ्हाडाची," द्रांदे म्हणाली. "माझी आत आहे." मग अक्रोड त्याच्यापुढे सरकवत, "रडली का?"

"फाटकात? सगळ्याच रडतात." लेशने मिशी पुसली. "ही बोलली. गाडीत बसता बसता वाकून ड्रायव्हरला काहीतरी सांगितलंन. नवरदेवाच्या काकाने हात केला, चल पुढे म्हणून, आणि गाडी निघाली. बायका अजून कुजबुजतायत. नवरी बोलली, नवरी बोलली."

"काय बोलली?"

"मी लांब होतो. मला काय ठाऊक!"

द्रांदे वळली. ती गाडीच्या मागे गेली. पेटी तिच्याच घरातून ऑगस्टमध्ये खाली गेली होती. आतली घोंगडी तिनेच विणलेली. दोरी सैल होती. तिने ती सोडली, आवळून पुन्हा बांधली. ग्योकला गाठ मारता येत नाही, कधीच येत नव्हती.

लेश गाडीत बसला.

"हॉर्न वाजव."

"कोण ऐकतंय इथे?"

"वऱ्हाड मुक्याने जात नसतं. प्रत्येक वळणावर वाजव."

लेशने वाजवला. पाणवठ्याच्या वळणावर वाजवला, बंद पडलेल्या शाळेच्या वळणावर वाजवला. याच वाटेने प्रेना दप्तर फरफटत घरी यायची. जुना रस्ता कोणालाही लवकर नेत नाही. द्रांदे झाडलेल्या रस्त्यात उभी राहून ऐकत राहिली, हॉर्न बारीक होत गेला, आणि मग तो लेशचा की खालच्या ट्रकांचा, ते कळेना.

ती आत गेली, आपली कॉफी घेऊन बाहेर आली. कोंबड्या रस्त्यात उतरून तांदूळ टिपत होत्या. एरवी ती त्यांना रस्त्यावरून हाकलते. आज तिने हाकललं नाही. आता गाडी यायची नव्हती.