गोठलेली बाटली

आमच्या ह्यांना कुठलीही गोष्ट नुसती सांगता येत नाही, शिकवावी लागते. शाळेत विज्ञान शिकवतात आणि घरी येऊन उरलेलं माझ्या डोक्यावर ओततात. चहा उकळला तरी आधी पाण्याची वाफ कशी झाली ते ऐका, मग कप तोंडाला लावा. माणूस वाईट नाही. पण वादाला बसला की समोरच्याचं ऐकेल तर शपथ.

मुलीला घरात मुंगी म्हणायचो. लहानपणी साखरेच्या डब्यापाशीच सापडायची म्हणून. पुढे तिच्या अंगात इन्सुलिनच तयार होत नाही हे कळलं आणि त्या नावाने हाक मारायची आमची छाती होईना. तिलाच ते आवडायचं. "मुंगीला साखरेचा आजार, आहे की नाही गंमत?" म्हणून स्वतःच खिदळायची. अकरा वर्षांची पोर, रोज सुया टोचून घ्यायची, कधी कुरकुर नाही. फ्रिजमधल्या इन्सुलिनच्या बोटभर बाटलीवर तिचा जीव तगून होता.

उकाडा वाढला तसं ह्यांनी फ्रिजचं बटण पार शेवटाला फिरवलं. सकाळी बाटली काढली तर आतलं औषध गोठून दगड.

"अहो, ही टाकून द्या. मी मेडिकलमधून दुसरी आणते." मी पायात चपला सरकवल्या.

"थांब. बर्फ वितळला की काय होतं?"

"पाणी."

"वेगळं पाणी?"

"तेच."

"मग झालं तर! याला भौतिक बदल म्हणतात. अवस्था बदलते, पदार्थ तोच राहतो." आणि बाटली मुठीत धरून बसले. थोड्या वेळाने उजेडात धरून दाखवली. "बघ, आहे काही फरक?"

फरक दिसत नव्हता. मी चपला काढल्या.

संध्याकाळी मीटरवर रक्तातली साखर चारशेच्या वर. ह्यांनी तिला हात धुवायला लावले, पुन्हा मोजली, पुन्हा मोजली. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे. "म्हणजे मीटर दर वेळी एकाच बाजूला चुकतंय," म्हणाले. "डोस मी स्वतः मोजून दिलाय, रेघेला रेघ." औषधाच्या मापावर भरवसा, रक्ताच्या मापावर नाही! जेवताना त्याच बाटलीतून पुन्हा दिलं. मुंगी ग्लासावर ग्लास पाणी पीत होती.

दुसऱ्या दिवशी ती उठली तीच ओकत. श्वास धापा टाकल्यासारखा, तोंडाला नेलपॉलिश पुसायच्या औषधाचा वास. आणि हे मीटरची बॅटरी बदलतायत! माझं डोकंच फिरलं. "खड्ड्यात गेलं तुमचं मीटर!" पोरीला पांघरुणासकट उचललं आणि रस्त्यावर दिसली ती गाडी थांबवली. हे बाटली खिशात घालून मागून धावत आले.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं, नवं इन्सुलिन सुरू केलं. मग बाटली मागितली. ती गोठली होती हे मीच सांगितलं.

"तरी हीच वापरलीत?"

"वितळल्यावर," हे म्हणाले. "भौतिक बदल असल्यामुळे..."

"पाण्याचा, सर. हे नुसतं पाणी नाही, यात प्रथिन आहे. गोठल्यावर त्याची घडी मोडते, ती पुन्हा बसत नाही. उकडलेलं अंडं गार केलं म्हणून कच्चं होतं का?"

अंड्याचं उदाहरण हे स्वतः दरवर्षी वर्गात देतात.

दिवसभर आम्ही बाहेरच्या बाकावर होतो. साखर उतरत होती. नर्स आकडा सांगून जायची, तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडायचा. पण मुंगी डोळे उघडेना. मेंदूला सूज आलीय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला काही नको होतं, पोरीने एकदा 'आई' म्हणावं, बास.

दिवे लागले तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. त्या बसल्या तेव्हाच मला कळलं. तरी त्यांनी सांगितलं, मी ऐकलं.

त्या गेल्यावर मी ह्यांच्याकडे वळले. "तुम्ही मारलंत तिला."

मी मुद्दाम म्हणाले. वाटलं, आता काहीतरी मुद्दा काढतील, समजावायला लागतील, मग मीही तोंड सोडेन. निदान भांडता तरी येईल.

"हो," ते म्हणाले.

मी वाट पाहिली. पुढे काहीच आलं नाही.