जाळी बसवायची जागा

ही गेल्यावर मला घरात बसणं जमेनासं झालं. म्हणून जीप चढावर उकळली तेव्हा मला गाडीची नाही, स्वतःचीच काळजी वाटली.

माझं काम सांगतो. डोंगरावर एक साइट आहे, तिथं जमिनीत खोल भोकं पाडून खडक तपासतात. तिथल्या लोकांना खालून माणसं, पाणी, डिझेल आणि शिधा पोचवायचा. अर्धी वाट सपाट आणि बरी आहे, पुढे चढ. त्याला रस्ता म्हणायचं म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. फोर बाय फोर टाकून पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत जावं लागतं. यंदा साइट आणखी वर सरकली, ओझं वाढलं आणि इंजिन तापायला लागलं. रेडिएटर साफ करून घेतला, थर्मोस्टॅट बदलला, पंख्याचा पट्टा नवा टाकला. तरी वरच्या वळणांवर काटा लाल रेघेला जाऊन टेकायचा.

दुसऱ्यांदा वाफ निघाली तेव्हा साइटचा सुपरवायझर म्हणाला, "मामा, माणसं वर खोळंबतात. या आठवड्यात गाडी नीट करा, नाहीतर मला दुसरी बघावी लागेल. आणि तुम्हीही जरा घरी आराम करा. एवढं मोठं दुःख झालंय."

तो मनापासून बोलला. मला मात्र तेच नको होतं. घरी कुठल्या खुर्चीवर बसायचं हेसुद्धा मला ठरवता येत नव्हतं. दोनच खुर्च्या होत्या.

हिचा धाकटा भाऊ पत्र्याचं काम करतो. ठोकलेल्या गाड्यांचे पोचे काढायचे, गंजलेला पत्रा कापून नवा जोडायचा. गाडी त्याच्याकडे नेली. त्यानं बॉनेट उघडलं, हात आत धरला आणि लगेच मागे घेतला.

"दाजी, ही जीप आहे की भट्टी?"

"भट्टी असती तर तुझ्याकडे कशाला आणली असती?"

"रेडिएटर त्याचं काम करतोय. पण त्यातून आलेली गरम हवा जाणार कुठं? चढावर तुम्ही मुंगीच्या चालीनं जाता, वारा लागत नाही. सगळी वाफ वर पत्र्याला धडकून तिथंच बसते. बॉनेट कापू. खाचा पाडून वर तिरक्या पट्ट्यांच्या जाळ्या लावतो. हवा निघून जाईल."

"कुठं कापशील?"

त्यानं खिशातून खडू काढला. आधी तो गाडीच्या पुढे उभा राहिला आणि रेडिएटरच्या जरासा मागे, बॉनेटच्या मधोमध खडू नेला. टेकवणार एवढ्यात थांबला. मग वळसा घालून काचेजवळ गेला आणि तिथं दोन चौकोन आखले.

"इथं करू. दिसायलाही बरं."

"तुला कळतं," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत नव्हता, मीही त्याच्याकडे बघत नव्हतो.

पुढची ती मधली जागा हिची होती. ही शीतगृहात फळं निवडायच्या कामाला जायची. दिवसभर त्या गारठ्यात हात घालून संध्याकाळी तिची बोटं पांढरी पडायची, नीट मिटायची नाहीत. मी गाडी दारात लावली की ही घरातून बाहेर यायची आणि दोन्ही तळवे बॉनेटवर ठेवून उभी राहायची. चहा नंतर, स्वयंपाक नंतर. आमचं खरं बोलणं तिथंच व्हायचं. कोण काय बोललं, कुणाचं लग्न मोडलं, मी आज किती वेळा शिवी दिली. घरात शिरल्यावर आम्ही दोघंही मुकेच. तिचा भाऊ आला की तिला चिडवायचा, "ताई, तू दाजींची वाट बघतेस की इंजिनाची?" ही म्हणायची, "इंजिनाची. ते निदान गरम तरी असतं."

त्या जागेचा रंग थोडा उडाला होता. दुसऱ्या कुणाला दिसला नसता.

मेहुण्यानं काचेजवळ कापलं. काम देखणं केलं. कडा घासून गुळगुळीत, पट्ट्या एका ओळीत, वर काळा रंग. मी पाठ थोपटली. दोघांनीही ठरवून टाकलं होतं की हे चालणार.

दुसऱ्या दिवशी पोती आणि पिंपं भरून निघालो. शेजारी साइटचा आचारी बसला होता. त्याचं तोंड चुलीपेक्षा जास्त चालतं.

"वा, ड्रायव्हरसाहेब! गाडीला नाकपुड्या फुटल्या. आता शिंकेल का?"

सपाटीवर मी नेहमीच्या वेगानं गेलो. या पट्ट्यात काटा कधी मध्याच्या वर जायचा नाही. आज तो इथंच सरकायला लागला. मी वेग कमी केला तर खाली यायचा, वाढवला की पुन्हा वर. चढाला लागलो तेव्हाच इंजिन अर्धं तापलेलं होतं. मग काचेखालच्या झरोक्यातून गरम, तेलकट हवा आत यायला लागली.

"साहेब, मला वर भाजी शिजवायचीय," आचारी घाम पुसत म्हणाला, "तुम्ही मलाच शिजवून नेताय."

तिसऱ्या वळणावर वाफ सुटली. आम्ही पिंपातलं पाणी ओतून, थांबत थांबत, दुपार टळल्यावर वर पोचलो. सुपरवायझरनं फक्त विचारलं, "परवा जमेल? शेवटचं विचारतो." आणि दुसऱ्या एका गाडीवाल्याचा फोन लावायला तंबूत गेला.

संध्याकाळी मी मेहुण्याच्या शेडमध्ये गाडी लावली आणि उतरल्या उतरल्या बोललो.

"जागा चुकली."

"कशावरून?"

"सपाटीवरच तापली. वारा काचेला धडकतो आणि तुझ्या जाळीतून आतच घुसतो. गरम हवा बाहेर पडायची ती कोंडली."

"मग सांगायचं होतं तेव्हाच."

"पत्र्याचा कारागीर तू आहेस का मी?"

"बॉनेट तुमचं आहे!" त्यानं हातातली हातोडी बाकावर टाकली. "मला काय माहीत नव्हतं? रेडिएटरच्या मागे कापायचं हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी खडू नेला होता तिथं. तुम्ही तेव्हा कसे बघत होतात ते आठवा."

"मी काही म्हटलं नाही."

"तेच तर. हो म्हटलं असतंत तर कापलं असतं."

"तू विचारलं असतंस तर हो म्हटलं असतं."

"दाजी, मी कसं विचारू? माझी बहीण होती ती."

तो बाकावर बसला. थोड्या वेळानं तो उठला. इंजिन पुसायच्या सुताच्या बोळ्यातून त्यानं लांब दोरे ओढून काढले आणि चिकटपट्टीनं बॉनेटभर लावले, पुढून मागे, ओळीनं.

"चला. बघून ठरवू. आपल्या मनानं नको."

मी सपाट रस्त्यावर गाडी पळवली. काचेजवळचे दोरे पत्र्यावर दाबून धरल्यासारखे पडले होते, एकदोन तर उलटे जाळीत शिरले. आणि पुढे, अगदी त्या मधल्या जागेवर, दोरे उभे राहून थरथरत होते. तिथं वारा पत्रा सोडून वर उठत होता. आतली हवा तिथूनच ओढली जाणार. यात आता दोघांनाही न दिसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"काप," मी म्हटलं.

त्यानं शेडमध्ये दिवा ओढून जवळ घेतला. खडूनं आखलं. ग्राइंडर सुरू केला आणि पुन्हा बंद केला.

"तुम्ही बाहेर थांबता का?"

"नको. बॉनेट धरायला कुणी तरी हवं ना. थरथरलं तर कड वाकडी जाईल."

मी दोन्ही हातांनी दाबून धरलं. ठिणग्या मनगटावर येत होत्या. पत्रा कापायला वेळ लागत नाही, पण मला तो आवाज संपूच नये असंही वाटत होतं आणि लवकर संपावा असंही. कापलेला तुकडा खाली पडू नये म्हणून त्यानं पकडीत धरला होता. गार होईपर्यंत त्यानं तो तसाच धरून ठेवला.

"पाऊस आला की पाणी सरळ इंजिनाच्या वायरिंगवर पडेल," तो म्हणाला. "खाली पन्हळ लावावी लागेल. याच तुकड्याची करतो. पत्रा जाड आहे, टिकेल."

"कर."

मागच्या दोन जाळ्या त्यानं आतून पत्रा मारून बंद केल्या. दिसायला गाडी आता पार बिघडली. ठिगळं लावल्यासारखी.

ठरल्या दिवशी आचारी आधीच मागच्या सीटवर बसला. "पुढे भाजतं," म्हणाला. सपाटीवर काटा खाली राहिला. चढावर पहिलं वळण, दुसरं, तिसरं. मध्याच्या रेघेवर येऊन काटा तिथंच थांबला. जाळीवरची हवा उन्हात थरथरताना दिसत होती, वाळूवर दिसते तशी. आचारी वाकून पुढे बघत होता. वरच्या वळणावर एवढंच म्हणाला, "चढली की हो."

सुपरवायझरनं स्वतः बॉनेटभोवती फेरी मारली. "मामा, ध्यान बघवत नाही गाडीचं. पण चालतेय. उद्यापासून दोन फेऱ्या जमतील? परतायला उशीर होईल."

मी त्याचं वाक्य संपायच्या आत हो म्हणालो.

मग मेहुण्याला फोन लावला.

"चढली?"

"चढली."

"काटा?"

"मध्ये."

पलीकडून ठोकाठोकी ऐकू येत नव्हती. मी दोनदा हॅलो म्हटलं.

"ठेवतो दाजी," तो शेवटी म्हणाला. "गिऱ्हाईक आलंय."

"ठेव," मी म्हटलं. दुपारी त्या वेळेला त्याची शेड बंद असते, तो जेवायला घरी जातो.

मी पोती उतरवायला घेतली.