बंदूक निघेपर्यंत

नवरा गेल्यावर बायकांच्या वाट्याला काय काय येतं ते मी मैत्रिणींकडे पाहिलं होतं. कोट, औषधांच्या बाटल्या, कुणाला ठाऊक नसलेले पासवर्ड. माझ्या वाट्याला स्टेनगन आली.

खरं तर ती सबमशीन गन. स्टेनगन म्हटलं की अरुण चिडायचा, "अगं, ती वेगळी." त्याला चिडवायचं असलं की मी मुद्दाम स्टेनगन म्हणायचे. आता चिडायला कुणी नाही, पण माझी जीभ वळायची तिकडेच वळते.

अरुण मुंगीला वळसा घालून जाणारा माणूस. जन्मभर इथे डेट्रॉइटच्या आसपास मोटारींचा पत्रा दाबायचे डाय, म्हणजे साचे, बनवले. ही बयाही पत्रा प्रेसवर दाबूनच काढलेली, महायुद्धाच्या घाईत. म्हणूनच तो तिच्यावर भाळला. एका जुन्या सहकाऱ्याकडून रीतसर विकत घेतली, बोटांचे ठसे दिले, मंजुरीची चांगली वर्षभर वाट पाहिली. मग दर खंडेनवमीला पूजेत कॅलिपर, पाने आणि मधोमध ही. वर झेंडूचं फूल. जवळच्या ट्रॉय गावातली मराठी मंडळी दर्शनाला यायची आणि चहा मला करावा लागायचा. वर्षातून एकदा तो तिला रेंजवर न्यायचा. पेटीभर गोळ्या डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपायच्या आणि हा खुळ्यासारखा हसत घरी यायचा. एरवी साधी बावीसची रायफल घेऊन एकेक गोळी नेमाने मारायचा. हौसेला मोल नाही म्हणतात, ते मी घरातच पाहिलं.

तो गेला त्या आठवड्यात यामिनी, माझी मुलगी, न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरहून आली होती. निघताना म्हणाली, "आई, तू इथे एकटी काय करणार? घर सेल कर आणि आमच्याकडे ये. खालची रूम तुझीच आहे. फक्त बाबांची ती गन आधी डिस्पोज कर. न्यू जर्सीत ती आणलीस तर आपण सगळे जेलमध्ये."

मला जायचं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण म्हाताऱ्या बायकांना आपलं घर सोडवत नाही असं सगळे धरूनच चालतात. मला सोडवत होतं. बर्फ ढकलायचा कंटाळा आला होता. एका माणसाची आमटी करायचा तर त्याहून जास्त. नातीची, अनिकाची, वेणी घालावी, तिने मला इंग्रजीत उलट उत्तरं द्यावीत, एवढंच मला हवं होतं. म्हणून ठरवलं, आधी बंदूक, मग घर, मग मी.

वाटलं होतं, दुकानात देऊन टाकू. तेव्हा सुशांतने मला खाली बसवून नियम समजावले. सुशांत नागपूरचा, इथे आयटीत आहे, दर शनिवारी अरुणबरोबर रेंजवर जायचा.

"काकू, असं नाही चालत. एकोणीसशे शहाऐंशीच्या मे महिन्यानंतर रजिस्टर झालेली मशीन गन सामान्य माणसाला घेताच येत नाही. त्याच्या आधीच्या ज्या आहेत त्याच फिरतात. ट्रान्सफर अप्रूव्ह होईपर्यंत ती तुमच्याच ताब्यात पाहिजे. दुकानात सांभाळायला पण ठेवता येत नाही."

"मग तू ठेव."

"मी व्हिसावर आहे काकू. मला तर तिजोरीचा नंबर पण सांगू नका."

तेव्हा कळलं की व्हिसावरच्या माणसाला बंदुकीला हात लावायचा तर शिकारीचा परवाना लागतो. सुशांतने तो काढला होता. हा मुलगा मासा चिरताना तोंड फिरवतो, आणि साध्या रायफलने कागदावर भोकं पाडायला हरणाचा परवाना खिशात घेऊन हिंडतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत त्याचे केस पांढरे व्हायला लागलेत. ते कार्ड हातात असतं तर अरुणची बंदूक त्यानेच आनंदाने घेतली असती.

मोडून टाका, पोलिसांना द्या, असं वारसाचे कागद बघणाऱ्या वकिलाने सुचवलं. ते मात्र माझ्या हातून होईना. अरुणने तिला जितका जीव लावला तितका मलाही लावला होता. एकीला भंगारात काढायचं म्हटलं की दुसरीला धसका बसायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली.

पहिलं गिऱ्हाईक एक तरुण पोरगा. दर रविवारी रेंजवर धडाधडा उडवायची म्हणाला. सुशांत मेला सत्यवादी. त्याने पोराला समजावलं, "कशाला एवढं लफडं करतोस? हिच्यासारख्याच पिस्तुलाच्या गोळ्या उडवणारी सेमीऑटो कार्बाइन घे. एका चापाला एक गोळी, निशाणा पण सुधारेल, आणि अशी वाट बघत बसावं लागणार नाही. वर्षातून एकदा धडाधड ऐकायचीच असेल तर रेंजवरच भाड्याने मिळते, इन्स्ट्रक्टर शेजारी उभा राहतो." पोरगा त्याचे आभार मानून निघून गेला.

"माझं गिऱ्हाईक पळवलंस," मी म्हटलं.

"काकू, त्याला आवाज पाहिजे होता. ही काकांची वस्तू आहे."

मी त्याला आणखी बोलणार होते, पण त्याचे डोळे भरलेले दिसले, म्हणून पोहे करायला घेतले.

दुसरं गिऱ्हाईक फ्लिंटकडचा एक म्हातारा, जन्मभर कारखान्यात अवजारं बनवत आलेला. त्याने बंदूक उचलली नाही. आधी पत्र्याच्या जोडावरून बोट फिरवलं, अगदी अरुण फिरवायचा तसं. मी तिथेच हो म्हटलं. मग अर्ज, ठसे, कोर्टाचा कागद, आणि वाट पाहणं. त्या बंदुकीइतकी वाट माझ्या लग्नाचीही कुणी पाहिली नव्हती.

यामिनी दर रविवारी फोनवर विचारायची, "आई, गनचं काय झालं?"

"अजून नाही ग."

"इट्स ओके. घाई नको करू."

किती समजूतदार मुलगी, असं मला वाटायचं. जावई, कुश, त्याच्या नोकरीत गुंतलेला, ती रोज ट्रेनने न्यूयॉर्कला जाते, संध्याकाळी दमून येते, तरी आईला फोन करायचं चुकूनही राहत नाही. मी मंडळातल्या बायकांना हे कौतुकाने सांगतही असे.

एका गुरुवारी मंजुरी आली. शनिवारी म्हातारा येऊन बंदूक घेऊन गेला. दारात टोपी काढून म्हणाला, नीट सांभाळीन. मी रडले नाही. हलकं वाटलं, आणि मग पोटभर जेवले, कितीतरी दिवसांनी. रविवारी सुशांत खोकी घेऊन आला आणि आम्ही स्वयंपाकघरापासून आवरायला घेतलं. डबे वर्तमानपत्रात गुंडाळत होते तेवढ्यात यामिनीचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन ओट्यावर उभा केला. मला बातमी द्यायची घाई झाली होती, पण ती आधी बोलली.

"आई, ऐक ना, सांगायचं राहिलं. खालची रूम कुशने ऑफिससाठी घेतली. त्याचं आता फुल टाइम वर्क फ्रॉम होम झालं. म्हटलं, तुझं ते गनचं चाललंय तोपर्यंत रिकामी ठेवून काय करायची? अजून वर्ष दोन वर्षं तरी जातीलच, ना?"

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं आलेलं, केस कसेतरी वर बांधलेले. त्या 'ना' मध्ये तिचा सगळा जीव अडकला होता. माझी मुलगी वाईट नाही. तिच्या घरात माणसं, नोकऱ्या, वेळा, सगळं कसंबसं बसवलेलं आहे, आणि त्यात मला कुठे बसवायचं हे तिला कळत नाही. ये म्हणाली तेव्हा मनापासून म्हणाली होती. नको ये, हे तिच्या तोंडून कधीच निघालं नसतं. इतके महिने ते तिच्यासाठी बंदूक म्हणत होती.

मला राग आला, आणि तो खोटा नव्हता.

"आई? हॅलो?"

"हो ग," मी म्हटलं. "तेवढी वर्षं तरी जातील. आत्ता कुठे एक कागद पुढे सरकलाय."

तिचे खांदे खाली आले. "ओह. डोंट वरी आई. टेक युवर टाइम."

फोन बंद झाला. सुशांत हातात पातेलं धरून उभा होता. "पण काकू, गन तर काल..."

"खोकी तुझ्या गाडीत टाक," मी म्हटलं. "आणि ते पातेलं इकडे दे, दोघांचा भात लावते."

आता दर रविवारी यामिनी बंदुकीची चौकशी करते. मी सांगते, अजून नाही ग निघाली. तिला बरं वाटतं.