काड्यांचं मखर

पासष्टच्या भादव्यात सीमेवर लढाई सुरू होती आणि जबलपूरच्या दारूगोळा कारखान्यांत ओव्हरटाइमला अंत नव्हता. गुणवंत दारू भरायच्या विभागात होता. फाटकावर रोज खिसे उलटे करून दाखवायचे. आगपेटीची एक काडी सापडली तरी नोकरीवर पाणी.

घरी मात्र त्याला काड्यांचाच नाद. वर्षभर खपून, एकेक काडी सरेसने चिकटवून त्याने कॉलनीच्या गणपतीसाठी मखर केलं होतं. खांब, कमानी, जाळी, आणि शिखरभर काड्यांच्या तांबड्या गुलांची नक्षी.

चतुर्थीच्या सकाळी मंडळाचे अध्यक्ष भय्यासाहेब मखराभोवती फिरले, आणि थबकले.

"हे गुल खरेच आहेत का रे?"

"हो. कोऱ्या काड्या आहेत."

"अन् याच्यापुढे आरती ओवाळायची? काहून रे, कारखान्यातली दारू कमी पडून राहिली का तुला?"

सगळे खो खो हसले. गुणवंतचा चेहरा पडला. कारखान्यात नव्या पोरांना आगीपासून जपायला तोच शिकवत असे.

"चलो, यंदा मखराऐवजी पडदाच लावू," भय्यासाहेब म्हणाले.

"गुणवंत, मखर पाण्यात बुडवून काढ न," शेजारच्या पुंडलिकने सुचवलं.

"सरेस सुटेल. खिचडी होईल सगळ्याची," गुणवंत म्हणाला.

गुणवंतची बायको विनता पुढे आली. "अहो, आरती संध्याकाळी आहे. गुल खरडून काढू."

"शिखर बोडकं दिसेल."

"दिसू द्या. उभं तर राहील!"

ओल्या फडक्याने एकेक गुल भिजवायचा, मग ब्लेडने अलगद खरडायचा. आधी दोघंच बसली. मग शेजारपाजारच्या बायका आपापली ब्लेडं घेऊन आल्या. दुपार कलली तेव्हा शिखर पांढरंफटक झालं होतं. गुणवंतला त्याच्याकडे बघवेना.

विनताने करंडा उघडला, चिमूटभर कुंकू पाण्यात कालवलं आणि काडीच्या टोकाला ठिपका दिला. बायका घरोघर पळाल्या, आपापले करंडे घेऊन परतल्या. कुणाचं कुंकू गडद, कुणाचं केशरी.

"रंग एकसारखा नाही लागून राहिला," गुणवंत कुरकुरला.

"मग पुढल्या वर्षी तुम्हीच लावा," विनता मान वर न करता म्हणाली.

संध्याकाळी गणपती मखरात बसला. भय्यासाहेबांनी गुणवंतकडे बघत आरतीचं तबक मुद्दाम शिखराजवळ नेलं.

"जरा लांबून, भय्यासाहेब!" गुणवंत ओरडला. "लाकूडच आहे ते!"

आरती म्हणता म्हणता सगळ्यांना हसू फुटलं.